पत्ता न सांगता आलेला कॉल

सगळे आलात? मग ते दार लोटून घ्या, गार वारं येतंय. आणि मघाशी कोण म्हणालं, की गाडीत स्क्रीन आली, आता आपल्याला डोकं लावायला काही उरलंच नाही? त्याने पुढे येऊन बसावं. मी सांगतोय ते ऐकीव नाही. आपल्या फौजीच्या बाबतीत घडलंय.

फौजी सैन्यात कधीच नव्हता. ताठ चालायचा, म्हणून फौजी. सोळा वर्षं अॅम्ब्युलन्स चालवली त्याने. गेल्या जानेवारीतला तिसरा रविवार संपून सोमवार लागला होता. तो आणि सिस्टर ऑक्सिजनचे सिलिंडर भरून आणायला गेले होते. साधं काम. सहा सिलिंडर चढवले, सही केली, चहा घेतला, निघाले. एक वाजून बावन्न मिनिटांनी गाडीतली स्क्रीन वाजली.

ही यंत्रणा तेव्हा दोनच महिन्यांची होती. तुम्हाला तिचं कौतुक नाही, कारण तुम्ही आधीचं पाहिलेलं नाही. आधी फोन करणाऱ्यानेच पत्ता सांगायचा. ज्याची छाती आवळून आलीय, त्याने 'डावीकडे वळा, मग पिवळी भिंत लागेल' असं सांगत बसायचं! आता माणूस बोलला नाही तरी चालतं. फोन लागला की नकाशावर लाल ठिपका उमटतो. पेशंटच्या छातीला चार पट्ट्या चिकटवल्या की त्याच्या हृदयाची रेषा तिकडे हॉस्पिटलात दिसते, आणि तिकडची डॉक्टर इकडे यंत्रावर दिसते, तिलाही इकडचं दिसतं. या यंत्राने माणसं वाचवलीत. मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्या रात्री कंट्रोल रूममधली मुलगी म्हणाली, "पलीकडून कुणी बोलत नाहीये. नुसता श्वास ऐकू येतोय. ठिपका पाठवलाय, निघा."

ठिपका बंद पडलेल्या गिरणीच्या मागे होता. शेवटची ओळ, शेवटचं घर. गल्लीच्या तोंडाशी फौजीने गाडी एकदम हळू केली.

"काय झालं?" सिस्टरने विचारलं.

"काही नाही. इथे एकदा आलो होतो."

"बरं झालं, म्हणजे रस्ता ठाऊक आहे."

फौजीने गाडी पुढे घेतली.

घराचं दार उघडंच होतं. दिवा लागेना. टॉर्चच्या उजेडात एक लोखंडी खाट दिसली. तिच्यावर घोंगडी पांघरून, भिंतीकडे तोंड करून कुणीतरी झोपलेलं. श्वास चालू. खरखर, खरखर. सिस्टरने घोंगडीखाली हात घालून चाचपत चारही पट्ट्या छातीला लावल्या. "अगं बाई, बर्फ झालेत हे," ती म्हणाली. यंत्रावर रेषा उमटली. डॉक्टरबाईंचा चेहराही आला.

"दिसतंय मला. ठोके मंद आहेत, पण आहेत. जरा इकडे वळवा त्यांना."

सिस्टरने खांद्याला हात लावला.

घोंगडी खाली बसली. हळूहळू... सपाट झाली. खाली कुणी नव्हतं.

रेषा मात्र चालूच.

"वळवा ना," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि फौजी, तुमच्या मागे उभे आहेत ते नातेवाईक का? त्यांना बाहेर थांबायला सांगा."

सिस्टर पळाली. हसू नका, मीही पळालो असतो. ती बाहेर पडली आणि तिच्या पाठोपाठ दार आपटलं. फौजी आत राहिला.

त्याची मान वळेना. कानाशी गार श्वास... तीच खरखर.

आणि मग...

"पत्ता सापडला?"

थांबा. आता जे सांगतोय ते फौजीने फक्त मला सांगितलं होतं, तेही फार नंतर. सहा वर्षांपूर्वी याच गल्लीतून एक फोन आला होता. एकटा राहणारा म्हातारा. गिरणीमागे, एवढंच बोलू शकला, पुढे नुसता श्वास. गाडीवर फौजी होता. त्याने गल्लीतून दोन फेऱ्या मारल्या, हॉर्न वाजवला, आणि 'पत्ता सापडला नाही' असं कळवून परत गेला. म्हातारा तिसऱ्या दिवशी सापडला. वास आला म्हणून.

"मी उतरलोच नाही," त्या अंधारात फौजी म्हणाला. "थंडी होती. ड्यूटी संपायला वीस मिनिटं होती. एकही दार वाजवलं नाही मी. चुकलं माझं..."

खरखर चालूच.

"चुकलं हो माझं..."

खरखर थांबली.

मग पाठीमागून एक हात पुढे आला. त्याच्या छातीवर टेकला. पसरला. आणि... मिटायला लागला. मूठ मिटतात ना, तसा.

फौजी कोसळला. डॉक्टरबाईंनी ते पाहिलं. कुणाला काही विचारलं नाही, ठिपका होताच, दुसरी गाडी सोडली. सात मिनिटांत पोचली. त्या गाडीवर मी होतो. सिस्टर बाहेर दार बडवत रडत होती. मी नुसता हात लावला, दार उघडलं. फौजी निळा पडला होता. विजेच्या पहिल्या झटक्याला काही नाही. दुसऱ्याला परत आला. नवी यंत्रणा नसती तर तोही त्याच खोलीत संपला असता.

काय म्हणालास? म्हाताऱ्याने माफ केलं म्हणून वाचला? अरे, माफ करणाऱ्याचा हात असा असतो? फौजीचं अर्धं हृदय मेलंय. एक जिना चढवत नाही त्याला. रात्री फोन वाजला की लेकाला म्हणतो, तू उचल, मी नाही उचलणार.

त्या घाईत यंत्र तिथेच राहिलं होतं. सकाळी उजाडल्यावर ते आणायला मी गेलो. शेजारच्या बाई म्हणाल्या, सहा वर्षांत इथे कुणी राहिलेलं नाही. खाटेवर घोंगडी होती. चारही पट्ट्या घोंगडीवर पडल्या होत्या. मी एकेक उचलून पाहिली. पट्टी छातीवरून ओढून काढली की काय होतं, तुम्ही रोज बघता.

चारही पट्ट्यांना केस चिकटले होते... पांढरे. मुळांसकट.