पेरलेली दीर्घिका

टळटळीत उन्हात आकाश बघायची नोकरी असते, हे सासूबाईंना काही केल्या पटत नव्हतं. माळावरच्या त्या पांढऱ्या थाळ्या डोळ्यांनी बघत नाहीत, आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपतात, असं सुनेनं समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, म्हणजे बघत नाहीत, कान देऊन बसतात, आमच्या धाकट्या जावेसारख्या. लहरींना अडथळा नको म्हणून वस्तीत मोबाइल बंद, मायक्रोवेव्ह बंद. आवाज काय तो सासूबाईंचाच.

सुनेचं काम मात्र खोटेपणाचं होतं. अख्ख्या आकाशाचा नकाशा तयार होत होता. त्यातल्या दीर्घिका हुडकणारी संगणकाची चाळणी नीट चालते की नाही हे बघायला ती अधूनमधून खोट्या दीर्घिका पेरायची. मधे ठिपका, दोन्हीकडे निघालेले झोत, हात पसरून उभ्या असलेल्या माणसासारखे. चाळणीनं पकडल्या, की उपटून टाकायच्या.

एकदा कंटाळून तिनं एकीचा डावा हात कोपरात उलटा मोडला. अशी दीर्घिका कुठे नसते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. चाळणीनं ती पकडली, हिनं उपटली, आणि घरी आली.

दुसऱ्या दिवशी ती मोडक्या हाताची दीर्घिका नकाशात तिथेच होती.

आपलंच काही चुकलं असेल म्हणून तिनं थाळ्यांची मूळ निरीक्षणं काढली. त्यांना तिचा हातही लागलेला नव्हता. त्यांतही मोडका हात. मग परदेशातल्या एका दुर्बिणीचा, तिच्या जन्माआधीचा नकाशा मागवला. धूसर होता, पण कोपर ओळखू येत होतं. तिथल्या लहरी निघाल्या तेव्हा माणूस नावाचं जनावरही नव्हतं. घाबरायचं सोडून ती हरखून गेली. ताटातला घास ताटात राहू लागला. सासूबाई म्हणाल्या, माहेरचं कोणी भेटल्यासारखं काय गं तोंड करून बसतेस.

नकाशा तिच्या नावानं जाहीर व्हायचा होता आणि नोकरी कायम होणं त्यावरच अडलं होतं. तिनं सगळं वेधशाळेच्या प्रमुखांपुढे मांडलं. आधी ते हसले, पेरलेलं तण म्हणाले, जगभर शोभा होईल म्हणाले. मग त्यांनी जुना नकाशा जवळ ओढला आणि बराच वेळ बघत राहिले.

"काढून टाक," ते हळूच म्हणाले. "नाहीतर कायम व्हायचं विसर."

घरी तिनं सासूबाईंना सांगितलं.

"आहे ना ती तिथं खरोखर?" त्यांनी विचारलं.

"आहे, आई."

"मग मिटवायला निघालीस ती कुणाला विचारून?"

पण नोकरी हवीच होती. सकाळी तिनं ती दीर्घिका पुसली. फक्त नकाशातून.

राहवेना, म्हणून तिनं थाळ्या पुन्हा तिकडे वळवून घेतल्या. जागा रिकामी. मूळ निरीक्षणं उघडली. रिकामी. जुन्या नकाशातही त्या जागी स्वच्छ काळोख होता. प्रमुखांना विचारलं तर ते म्हणाले, कोणती दीर्घिका?

दुपारी सासूबाई डबा घेऊन आल्या. सुनेचा चेहरा बघितला आणि पडद्याकडे बघू लागल्या.

"परवा दाखवल्यास त्या हातवाल्या कुठे गेल्या? नुसते ठिपकेच दिसताहेत."

तिनं पाहिलं. रिकाम्या जागेभोवतीच्या एकाही दीर्घिकेला हात उरले नव्हते.

"काही काही ठिपक्यासारख्याच दिसतात," ती सवयीनं सांगू लागली. "झोत आडवा असला की हात दिसतात. आणि..."

"आणि काय?"

"तोंड सरळ आपल्याकडे असलं, की नुसता ठिपका."

सासूबाई डबा तसाच हातात धरून उभ्या राहिल्या.

पडद्यावर आकाशाचा पुढचा पट्टा उमटत होता.

तिथेही ठिपकेच होते.