हात सोडायचा नाही

त्या रविवारी मी फारच खुशीत होते. आमच्या शहरातलं कलादालन म्हणजे बंदरावरचं एक जुनं गोदाम. भिंती पांढऱ्याफटक, जमीन सिमेंटची, आणि शांतता अशी की कुणाचा बूट करकरला तरी सगळे वळून बघतात. आमच्या वर्गातल्या काहीजणांना तिथे गणवेशात एकेका चित्रासमोर उभं राहून पाहुण्यांना माहिती सांगायची होती, आणि त्यात मी होते. मी! गेल्या वर्षापर्यंत हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही अडखळणारी, जिला वर्ग ‘मुकी’ म्हणायचा, ती मी. या वर्षी एकदा स्पर्धेत बोलले, टाळ्या पडल्या, आणि तोंडाचा पट्टा जो सुटला तो सुटलाच.

पालकांना बोलावणं होतं. आईची दवाखान्यात दिवसपाळी होती, म्हणून बाबा आला.

बाबा गोदीत काम करतो. दुरुस्तीला आलेल्या जहाजांच्या पोटाखाली उभं राहून गंज खरवडायचा आणि त्यावर लाल रंग द्यायचा. दिवसभर हातोड्यांच्या ठणठणाटात राहून त्याला हळू बोलणं माहीतच नाही. घरी मीठ मागितलं तरी समोरच्या इमारतीला कळतं. त्या दिवशी त्याने रॉकेलने हात घासघासून धुतले होते, तरी नखांच्या कडेला लाल रंग होताच. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. पिशवी कशाला, ते विचारू नका. तो कुठेही पिशवी घेऊनच जातो.

माझ्या वाट्याचं चित्र म्हणजे भिंतभर करडा रंग. बाकी काही नाही. ‘हे चित्र आपल्याला काही सांगत नाही, ते आपल्याला विचारतं,’ हे वाक्य मी आरशासमोर घोटून घोटून पाठ केलं होतं. ते मस्त जमलं. लोक माना डोलवायला लागले. आणि मागून आवाज आला,

“अगं, हा तर नुसता अस्तराचा हात झाला! वरचा रंग कधी देणार?”

सगळे वळले. कुणीतरी फिस्सकन हसलं. आपला विनोद आवडला असं वाटून बाबाही हसला, आणि त्याने एकट्याने टाळ्या वाजवल्या. पत्र्यावर दगड पडावेत तशा त्या वाजल्या.

माझे कान तापले. माझी मैत्रीण चिमणी शेजारीच उभी होती. तिने माझ्या कानाशी येऊन विचारलं, “कोण गं हे?”

“ओळखीचे काका आहेत,” मी म्हणाले.

ठरवून नाही म्हणाले. तोंडातून गेलं. पण गेलं ते खणखणीत, या वर्षी मला जसं बोलता येतं तसं. बाबा जवळच होता. त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि भिंतीकडे तोंड करून बघत राहिला. बराच वेळ. तिथे चित्र नव्हतं, आग विझवायचं नळकांडं होतं.

अजूनही हसण्यावारी नेता आलं असतं. ‘अगं, थट्टा केली, माझा बाबा आहे हा,’ एवढंच तर म्हणायचं होतं. मी म्हणाले नाही.

सगळ्यात शेवटी पाण्याची खोली. तिच्याबद्दल शाळेत आठवडाभर चर्चा होती. पूर्ण काळोख, खाली बंदरातून आत घेतलेलं समुद्राचं पाणी, त्यावरून फळ्यांची अरुंद वाट, आणि छताला एकच उजेडाची रेघ, जी हळूहळू पुढे सरकते. दारावर जाड काळा पडदा होता आणि पडद्याशी खुर्ची टाकून बसलेल्या एक बाई.

“जोडीनेच जायचं,” त्या प्रत्येकाला सांगत होत्या. “हात धरून. मधे हात सोडायचा नाही.”

“का हो?” चिमणीच्या आईने विचारलं.

“सांगून ठेवलंय तसं,” बाई म्हणाल्या.

रांगेत माझ्या मागेच चिमणी, तिच्या आईचा हात धरून. माझ्यापुढे बाबा. आमची पाळी आली तसा त्याने हात पुढे केला. रुंद, खरखरीत, नखांच्या कडेला लाल. चिमणी बघत होती.

घरी मी बाबाला अरे-तुरे करते. मी म्हणाले, “तुम्ही व्हा ना पुढे, काका. आत आल्यावर धरते.”

बाबा एवढा मोठा माणूस, पण हात मागे घेताना एकदम बारीक झाल्यासारखा दिसला. “बरं,” तो म्हणाला. हळू म्हणाला. तो पडदा सारून आत गेला आणि बाई नको नको म्हणत असतानाच मी त्याच्यामागे शिरले.

पडदा पडला. बाहेरचे आवाज बंद.

खारट, गार वास. फळ्या पायाखाली किंचित दबत होत्या. डोळे सरावले तेव्हा पुढे बाबाची पाठ दिसली. चालता चालता त्याने एक हात मागे धरला होता, पंजा उघडा. माझ्यासाठी. मी पाऊल उचललंच होतं. आता इथे कोण बघतंय, धरावा.

तेवढ्यात तो पंजा मिटला.

अलगद मिटला, कुणाचीतरी बोटं हातात आल्यावर मिटतो तसा.

बाबा बोलायला लागला. इतक्या हलक्या आवाजात बोलताना मी त्याला कधीच ऐकलं नव्हतं. शब्द कळत नव्हते. मधे तो थांबायचा, ऐकायचा, ‘हं’ म्हणायचा. मग एकदा हसला. मला वाटलं, एकटाच बोलतोय बिचारा. माझ्यामुळे.

छतावरची रेघ सरकत आमच्या डोक्यावर आली. मी खाली बघितलं.

पाणी काचेसारखं स्थिर होतं. त्यात बाबा चालत होता, उलटा, पायाला पाय लावून. त्याच्या शेजारी शाळेच्या गणवेशातली एक मुलगी चालत होती. तिने त्याचा हात धरला होता, आणि मान वर करून ती त्याच्याकडे बघत होती.

मी वर बघितलं. फळ्यांवर बाबा एकटा होता.

खाली बघितलं. दोघं होती.

मी माझ्या पायांखाली वाकले. पाण्यात फळीची कड होती, छत होतं, उजेडाची रेघ होती.

मी नव्हते.

“बाबा,” मी हाक मारली. आवाज फुटला नाही. जीभ टाळ्याला चिकटली, गेल्या वर्षीसारखी.

पाण्यातल्या मुलीने मात्र तोंड उघडलं, आणि पुढे बाबा म्हणाला, “काय गं?”

रेघ पुढे गेली. काळोख झाला.

बाहेर आलो तेव्हा ऊन डोळ्यांत घुसलं. समोर धक्का, बोटी, सगळं जसंच्या तसं. बाबाचा चेहरा नुकताच धुतल्यासारखा झाला होता.

“मला वाईट वाटलं होतं गं,” तो म्हणाला. “खोटं कशाला बोलू? पण आत आल्या आल्या बोललीस ना सगळं. बरं केलंस.”

“काय बोलले मी?”

“घ्या! आता परत माझ्याकडून वदवून घे.” तो हसला. “हात किती गार पडलाय तुझा.”

माझे दोन्ही हात माझ्या स्कर्टच्या खिशांत होते.

तेव्हाच सांगायला हवं होतं, की ती मी नव्हते. पण मग ते जे काही छान बोलणं झालं होतं, तेही माझं नव्हतं हे सांगावं लागलं असतं. त्याच्या चेहऱ्यावरचा तो आनंद बघून माझी हिंमत झाली नाही. दुसऱ्या कुणीतरी मागितलेली माफी मी गुपचूप माझ्या नावावर घेतली.

पण धक्क्यावरून जाताना मला राहवेना. आम्ही बोलेपर्यंत चिमणीही बाहेर येऊन पुढे गेली होती, अर्धा वर्ग पुढे होता. बघू देत. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली, “बाबा!” चिमणी वळली. मी पळत जाऊन त्याचा हात धरला.

तो धरता आला नाही. बोटं अर्धवट मिटलेली होती, आणि माझी बोटं आत जाईनात. आत काहीतरी ओलं, गार होतं.

“अगं, थांब,” बाबा म्हणाला, “एक हात धरलायस ना? दुसऱ्यात पिशवी आहे.”

मग मी मागून चालले. तो घरापर्यंत बारकी पावलं टाकत होता. रस्ता ओलांडताना थांबून बाजूला बघत होता, माझ्याकडे नाही.

आईने दार उघडलं. ती नुकतीच पाळीवरून आली होती, केस ओले होते. बाबा आत गेला. मी आत गेले, चपला काढल्या, तिच्या मागे भिंतीला टेकून उभी राहिले.

आई दार लावायला लागली आणि अर्ध्यावर थांबली.

“ये ना गं,” रिकाम्या जिन्याकडे बघून ती हसत म्हणाली, “बाहेर का उभी?”