सरसावरची साय

बाइंडिंगच्या खोलीत सकाळी जो पहिला येईल त्याने पुस्तकं चिकटवायच्या सरसाच्या पातेल्यावरची साय काढायची, असा आमचा रिवाज होता. पहिला नेहमी मीच. कातडी-हाडांचा तो सरस रात्रभरात थिजायचा आणि वर पिवळट, ओलसर पापुद्रा धरायचा. चिमटीत धरून तो उचलला की कुजकट भपकारा नाकात शिरे. पातेलं कधीच रिकामं करत नसत. जुन्यातच नवा सरस टाकायचा. बोटांवर वाळलेला सरस सोलून तोही पातेल्यातच. वाया कशाला घालवायचा? इतकी वर्षं मीही तेच केलं.

पुस्तकांच्या सोबतीसाठी ही नोकरी धरली होती. आता छातीत घरघर होती, आणि नात जवळ येत नव्हती.

"आजोबा, तुम्हाला घाण वास येतो," ती दारातूनच सांगायची.

मुलगी म्हणाली, "बाबा, पुरे झालं. सोडा ते काम आणि आमच्याकडे या."

साहेबांना सांगायला माझ्यासारख्या भिडस्ताला बरेच दिवस लागले. सांगितलं एकदाचं. महिनाअखेरीस सुटका ठरली.

दुसऱ्याच सकाळी साय जाड होती. फेकताना बोटांना चिकटून राहिली. कोमट होती. शेगडी तर रात्रभर बंद होती. मग तिच्यावर बारीक पांढरी लव दिसू लागली. ब्रशचे केस असतील, असं मी स्वतःला समजावलं. डबा मात्र न खाताच परत नेऊ लागलो.

एका सकाळी साय खिडकीच्या उजेडात धरली. तिच्यावर रेषा होत्या. तळहाताच्या. अंगठ्याखाली सुरी लागल्याचा माझा तिरका व्रणही होता.

"काय हो, सायीत भविष्य बघताय?" कागद कापणारा कटरवाला मागून म्हणाला.

"जरा इकडे बघा."

त्याने पाहिलं. त्याचं हसू मावळलं. "आधीचे बाइंडर सोडून निघाले, तेव्हाही..."

"तेव्हा काय?"

"काही नाही. हात धुवा तुम्ही."

मी धुतले. अंगठ्याखालचा व्रण माझ्या हातावर उरला नव्हता. रेषाही उरल्या नव्हत्या. तळवा इस्त्री केल्यासारखा सपाट. पण माझे डोळे अधू, मोतीबिंदू पिकत आलेला. शंका घ्यायची तर आधी स्वतःवरच, ही माझी खोड.

शेवटच्या दिवशी मी साय काढलीच नाही. पातेल्यावर झाकण ठेवलं आणि निघालो.

मुलीच्या घरी पोचलो तेव्हा वास गेलेला होता. नातीने आधी लांबून हुंगलं, मग जवळून. मग सरळ मांडीवर चढली आणि माझ्या तळव्याला आपला तळवा लावून बसली.

"किती गुळगुळीत हो आजोबा!"

माझे डोळे भरून आले. एवढ्यासाठीच तर सोडलं होतं सगळं.

आज सकाळी तिने दुधाचा पेला माझ्यापुढे सरकवला. "साय नको मला. काढा ना."

मी चमच्याने उचलली. पिवळट होती. जाड.

तिच्यावर रेषा होत्या. बारीक, जवळजवळ, इवल्याशा.

माझ्या नव्हेत.

नात मांडीवरच होती. तिची मूठ मिटलेली होती.

ती उघडून बघायला मी अजून धजलेलो नाही.