दोन कमी मोज

विनायक सरांकडून मेमरी कार्ड आणायचं, एवढंच काम होतं. सत्यजीत भर दुपारी त्यांच्या सोसायटीत गेला, कोकम सरबत प्यायला, त्याच्या केसांवरून सरांनी मारलेला टोमणा गिळला आणि कार्ड खिशात टाकून उठला. तेव्हा दारातच सरांनी खरं काम सांगितलं.

सरांच्या फुटबॉल क्लबला पंचवीस वर्षं होत होती. उद्या संध्याकाळी हॉलमध्ये दाखवायला फिल्म हवी. फुटबॉलच्या सिनेमांत असतं तसं सगळं पाहिजे: हरणारी टीम, कडक कोच, उन्हातली मेहनत, शेवटी कप. फक्त आठ वर्षांपूर्वीच्या फायनलचा गोलकीपर बदलायचा. आरोनला पुसायचं आणि त्याच्या जागी सरांच्या मुलाला, गुरुदत्तला बसवायचं.

"उगाच लोक जुनं उकरून काढतात रे," सर म्हणाले. "आणि त्याच्या घरचं आता इथे आहे तरी कोण?"

खरंच कोणी नव्हतं. आरोन बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरातला. तो गेल्यावर वर्षभरात त्याची आई, जोकबेद मावशी, थोरल्या लेकीकडे इस्रायलला निघून गेली. मोठ्या माणसांचं हे एक बरं असतं. ज्याला उत्तर द्यायचं तो देश सोडून गेला, की प्रश्नही विमानात बसून गेला असं ते धरून चालतात.

सत्यजीत म्हणजे कॉलेज अर्धवट सोडलेला, बापाला तोंडावर बोलणारा पंचविशीचा पोरगा. पण सरांपुढे आठ वर्षांनंतरही त्याच्या तोंडून 'बरं सर' एवढंच निघालं.

त्याची एडिटिंगची खोली जुन्या पनवेलात, टायरच्या दुकानावर. जाड पडदे ओढले की दिवसाढवळ्या आत अंधार. लांबून न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या कंटेनरची घरघर भिंतीतून झिरपत यायची. एरवी फक्त पंखा.

फायनलचा शेवटचा तुकडा अकरा सेकंदांचा होता. पेनल्टी. आरोन उजवीकडे झेपावतो, बॉल छातीशी घट्ट धरतो, कप क्लबचा. त्या दिवशी सकाळी मावशीने टीमसाठी मलिद्याचा डबा पाठवला होता. पोहे, नारळ, साखर, वेलची. आरोन सगळ्यांना वाटून शेवटी स्वतः डबा चाटत बसला होता.

सत्यजीतने त्याला एकेका फ्रेममधून पुसायला घेतलं. आधी हात. मग जर्सी. चेहरा शेवटी. तीन तासांनी गोल रिकामा झाला. त्याने तुकडा चालवून पाहिला. बॉल आला आणि छातीच्या उंचीवर हवेत थांबला. यात नवल नव्हतं. माणूस पुसला होता, बॉल पुसायचा राहिला होता.

नवल पुढे होतं. अकरावा सेकंद संपला आणि चित्र चालूच राहिलं.

बॉल गोलमधून बाहेर आला. तसाच, छातीच्या उंचीवर, किंचित वरखाली होत मैदानाच्या कडेने निघाला. पळणाऱ्याने छातीशी धरावा तसा. सत्यजीतने स्पेसबार दाबला. परत दाबला. चित्र थांबेना. बॉल एक फेरी मारून गोलपाशी आला, तेव्हा स्पीकरमधून आवाज आला.

"एक."

तो सत्यजीतचाच आवाज होता. सतरा वर्षांचा.

फायनलनंतर दोन आठवड्यांनी, मे महिन्यात, आरोन प्रॅक्टिसला उशिरा आला. अंगात ताप होता. सरांनी बॉल छातीशी धरून वीस फेऱ्या सांगितल्या आणि मोजायला सत्यजीतला उभं केलं. दहाव्या फेरीला जवळून जाताना आरोन हळूच म्हणाला होता, "सत्या, दोन कमी मोज ना." सर पाठमोरे, फोनवर बोलत होते. कुणाला कळलंही नसतं. सत्यजीतने पुढच्या फेरीला इमानाने 'अकरा' म्हटलं.

पंधरावी संपली आणि आरोन पडला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दर शनिवारी संध्याकाळी शब्बाथ, त्यांचा विश्रांतीचा दिवस, संपला की सगळे आरोनच्याच घरी खेळांचे सिनेमे बघायचे. सिनेमात पोरगा पडतो, टाळ्या वाजतात, पोरगा उठतो. म्हणून ते वाजवत राहिले. बराच वेळ.

मग सरांनी आरोनच्या मृत्यूच्या कागदावर 'आधीपासून हृदयाचा त्रास' असं लिहिलं आणि पेन सत्यजीतपुढे केलं. त्याने साक्षीदार म्हणून सही केली.

"तेरा," स्पीकर म्हणाला.

बंद खोलीत वेलचीचा वास यायला लागला होता. ओल्या नारळाचा. 'चौदा' झालं तेव्हा फोन वाजला. सरांचा नंबर.

"सर?"

पलीकडे नुसती धाप. फुटलेल्या भात्यासारखी. आणि कोरड्या मातीवर पावलं.

"सत्या…" सर त्याला कधीच सत्या म्हणत नसत. "सत्या… दोन कमी मोज ना."

हे वाक्य त्याने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

"पंधरा," स्पीकर म्हणाला.

क्षणभर त्याला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. पळू दे म्हाताऱ्याला. या माणसाला दम लागावा म्हणून तो आठ वर्षं जळत होता. पण ती धाप सरांची वाटेना. ती सतरा वर्षांच्या पोराची होती, तापातली. आणि तेव्हा जे म्हणायचं राहिलं होतं, ते त्याच्या तोंडून निघालं.

"वीस," तो म्हणाला. "झाल्या वीस. थांब आता… बस खाली."

फोनमधली धाप थांबली. पडद्यावर बॉल हळूच खाली आला आणि कुणी अलगद ठेवावा तसा गवतावर टेकला. सत्यजीतने डोळे पुसले. तो पुसलेल्या फ्रेम एकेक करून परत आणायला लागला. आधी आरोनचा चेहरा आला. उद्या हॉलमध्ये हाच दिसेल, आणि त्या सहीचंही सांगू, त्याने ठरवलं.

स्पीकर खरखरला. सतरा वर्षांचा तो इमानी आवाज, सरांना घाबरणारा, एकही फेरी न सोडणारा.

"सोळा."

गवतावरून बॉल उचलला गेला. फोनमध्ये पावलं परत सुरू झाली.