वीस मोजा

जयाने नागपूरच्या कंपनीचा बारावा धडा तिसऱ्यांदा लावला. आवाज परका होता, शब्द मात्र तिचेच. छोट्या दुकानदारांच्या कामगारांना मोबाइलवर स्वस्तात शिकता यावं म्हणून वर्षभर खपून तिने बारा धडे केले होते. परवा ते पुलगावच्या व्यापाऱ्यांना दाखवायचे होते. कंपनीने ते आधीच बाहेर काढले, म्हणजे चोर जयाच ठरणार होती.

खासगी गुप्तहेर रुचिका थूल तेलघाण्याचा तो धडा शांतपणे बघत होती. पडद्यावरची बाई सांगत होती, बटन बंद करा, वीस मोजा, मगच ढेप काढा. जयाच्या धड्यात मात्र बटन बंद करून लगेच ढेप, म्हणजे तेल निघाल्यावर उरलेली पेंड, काढायची होती. बाकी सगळं शब्दाला शब्द तेच.

धडे दोघांच्याच हाती असत. अंकुश सावंगीतल्या आपल्या खोलीत बसून व्हिडिओ जोडायचा. घाणा त्याने पडद्यावरच पाहिलेला. दुसरा जयाचा थोरला भाऊ मुकेश, कॅमेरा तोच सांभाळायचा. प्रत्येक धडा आधी नाचणगावच्या घाण्यावर काम करणाऱ्या पंचफुलाबाईंना दाखवायचा, हा जयाचा नेम. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांना कळला तरच धडा पुढे जाई. बाराव्याच्या वेळी जया तापाने पडली होती, म्हणून मुकेश एकटाच गेला.

"बाई काय म्हणाल्या?" रुचिकाने त्याला विचारलं.

"काहीच नाई. समजलं म्हणे."

रुचिकाच्या मदतनिसाला, राकेशला, उत्तर नेहमी प्रश्नाआधी सापडायचं. पासवर्ड अंकुशकडे, म्हणजे चोर अंकुशच, असं त्याने जाहीर करून टाकलं. रुचिका नाचणगावला जाऊन आली आणि संध्याकाळी तिने सगळ्यांना समोर बसवलं.

"राकेश, चोरलेला धडा मूळ धड्याहून बरोबर कसा? अंकुशनं दिला असता तर चूकही तशीच गेली असती. बटन बंद केल्यावरही घाणा फिरत राह्यतो. पंचफुलाबाईचं अर्धं बोट त्यातच गेलं, तेव्हापासून त्या वीस मोजतात. हे त्यांनी एकालेच सांगतलं. धडा दाखवाले आलेल्या मुकेशले."

मुकेशने मान खाली घातली. "कंपनी नोकरी देऊन राह्यली होती. तुह्या धड्यावर माहं नाव कुठी होतं?"

चोरी जयाने कदाचित गिळली असती. पण बाईंचं सांगणं त्याने तिच्यापासून लपवलं, हे तिच्या जिव्हारी लागलं.

"दादा, त्यायच्या कामगारायचे हात वाचवले. आपल्यायचे काऊन नाई?"

तिने अंकुशला बारावा धडा पुसायला सांगितला. उद्या नाचणगावला नव्याने चित्रण करायचं, आणि या वेळी पंचफुलाबाईच बोलतील, त्या अर्ध्या बोटासकट.

मुकेशने सवयीने कॅमेऱ्याची पिशवी उचलली. जयाने ती त्याच्या हातातून काढून घेतली.