माठातलं पाणी

उन्हाळ्यात गिऱ्हाइकाला आधी पाणी आणि मग भाव, हा भैय्याजींच्या दुकानाचा रिवाज होता. दवाखान्याच्या फाटकासमोर, निंबाच्या सावलीत दुकान. सेलू गावच्या घरच्या वाडीतली भाजी आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ. गल्ल्यावर त्यांची लेक उज्वला. दिसायला देखणी, पण राग मात्र कायम नाकाच्या शेंड्यावर!

त्या दुपारी निंबाला टेकलेल्या एका फिकट पोराला तिनं न मागताच गिलास भरून दिला. त्यानं हात लावला मात्र — चटका बसावा तसा मागे घेतला. गिलास उलटला आणि सगळं पाणी मेथीवर.

"काऊन? आमचं पानी चालत नाई का तुमाले?" उज्वला कडाडली.

"चालते ना जी..." तो ओशाळून हसला. "पन आत्ताच केमोची सलाईन घेऊन आलो. त्या औषधानं थंडं काही धरलं, का बोटाले करंट लागते. घशालेबी."

उज्वलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातचं पाणी नाकारणं म्हणजे माणूसच नाकारणं, हे तिच्या घरचं वळण. इथं तर बिचाऱ्याचं पाण्याशीच वैर झालं होतं.

पंधरवड्यानं तो पुन्हा आला, तेव्हा तिनं गुमान थर्मास पुढे केला. आत कोमट पाणी होतं.

"एवढ्या उन्हात हे कोनासाठी?"

"हाय एक नाजूक गिऱ्हाईक. भाजी घेत नाई, नुसतं पानी पेते."

तो हसला. गालाला खळी पडली... आणि उज्वलाचा तराजू त्या दिवशी सारखा चुकत राहिला.

त्याचं नाव कैलास. हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनचा फिटर. आतड्यात कॅन्सर, आणि तो लिव्हरपर्यंत पोचलेला. आधी औषधानं लिव्हरमधल्या गाठी आकसायला हव्या होत्या. त्या आकसल्या तरच दोन्हीकडचा रोगट भाग कापून काढता येणार होता. नाही आकसल्या तर... हे 'तर' तो कधी पुरं करत नसे.

"लिव्हर कापलं तरी उरलेलं वाढते, म्हनते डॉक्टर," एकदा तो म्हणाला.

"मंग त्यात काय नवल? पालक नाई का, कापला का पुन्हा फुटते!"

"मले पालक म्हनून राह्यल्या का?"

"पालक बरा. तो गुमान तरी राह्यते."

आषाढात तपासणी झाली. गाठी आकसल्या होत्या, ऑपरेशन ठरलं. उज्वलाचा जीव भांड्यात पडला. कैलास मात्र खाली पाहूनच बोलत होता.

"तुमाले पाहाले पाहुने येऊन राह्यले म्हनते. चांगला पोरगा पाहून हो म्हना."

"तुमी कोन सांगनारे?"

"कोनीच नाई. माह्या भरवशावर राहू नका, उज्वला..." पहिल्यांदाच त्यानं नाव घेतलं. "निभावलं, तर तुमच्या घरी येऊन माठातलं पानी मागीन. तवा समजून घेजा."

"माठ भरलेलाच राहीन," एवढंच ती म्हणाली. डोळे भरले होते, ते तिनं मेथीच्या जुड्यांकडे वळवले.

पाहुणे आले नि गेले. उज्वलानं सगळ्यांना चहा दिला, पोहे दिले. पाणी मात्र एकालाही स्वतःच्या हातानं दिलं नाही. आई बोलून थकली.

ऑपरेशन निभावलं. "पालक फुटून राह्यला," फोनवर कैलासचा बारीक आवाज आला, आणि ती हसता हसता रडली. मग उरलेली केमोही दिवाळीपर्यंत संपली.

तुरी निघाल्या, तेव्हा तो आईला, कमलाबाईंना, घेऊन उज्वलाच्या सेलूच्या घरी आला. भैय्याजींनी आडपडदा ठेवला नाही. "दुखनं परत आलं तं?"

"येऊ शकते," कैलास म्हणाला. "दर तीन महिन्यानं तपासनी हाय. खोटं नाई बोलनार."

तेवढ्यात उज्वला ताट घेऊन बाहेर आली. एक गिलास थर्मासमधला, एक माठातला. कैलासनं माठातला उचलला. दोन्ही हातांनी धरून त्यानं तो एका दमात रिकामा केला.

"बोचलं?" तिनं हळूच विचारलं.

"बोटं जराशी बधिर हायेत अजून... पन लय गोड लागलं."

"मंग तपासनीले मीबी संगं येईन," ती बापासमोरच म्हणाली.

भैय्याजींनी लेकीकडे पाहिलं, रिकाम्या गिलासाकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

"उज्वले, पाहून काय राह्यली? जवायाले आनखी पानी दे."