नोव्हेंबरातली चेरेदोची वाट

काहीही झालं तरी शनिवारी संध्याकाळपर्यंत चेरेदो गाठायचंच होतं. रविवारी सकाळी दहा वाजता झेलिंदामावशीचा भाचा डोंगरापलीकडून जीप घेऊन येणार होता आणि मावशीला समुद्रकाठच्या शहरात, आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी नेणार होता. शहाऐंशी वर्षांची झेलिंदा म्हणजे चेरेदोतलं शेवटचं माणूस. ती गेली की त्या गावात दार उघडायलाही कोणी उरणार नव्हतं.

एकोणीसशे एक्कावन्न साली चौदा नोव्हेंबरला पो नदीने बांध फोडले, तेव्हा खालच्या सपाटीवरच्या ‘का मोरोसा’ नावाच्या गावातली माणसं ट्रकांत घालून मिळेल तिथे पाठवली गेली. त्यातली अकरा कुटुंबं डोंगरातल्या चेरेदोत पोचली आणि डोंगरकरांनी ती सबंध हिवाळा आपल्या घरांत ठेवून घेतली. पुढल्या वर्षी त्याच तारखेला का मोरोसाच्या सायकल क्लबातले बत्तीस जण व्हिनेगरात मुरवलेल्या वाम माशांचा मोठा डबा घेऊन सायकलींवरून चेरेदोला गेले. येताना चेस्टनटचं पीठ घेऊन आले. मग तो रिवाजच पडला. शेहेचाळीस फेऱ्या झाल्या, एकही चुकली नाही. चुकत गेली ती माणसं. कोणी म्हातारं झालं, कोणी मोटार घेतली, कोणी देवाघरी गेलं. अठ्ठ्याण्णव सालच्या फेरीला क्लबात दोनच जण उरले होते. एक नेरिना आणि दुसरा तुलिओ.

नेरिना त्रेपन्न वर्षांची. एक्कावन्न साली ती सहा वर्षांची होती आणि तो हिवाळा तिने झेलिंदाच्या बिछान्यात, तिच्या पाठीला पाठ लावून काढला होता. आता ती गावच्या पंपघरावर कामाला होती. शेतांतलं पाणी उपसून कालव्यात टाकायचं आणि नदीवर नजर ठेवायची. आई गेल्यापासून ती एकटीच राहत असे, आणि दिवसाकाठी तिच्याशी कोणी बोलत असेल तर ते पंपच. नदीचं मात्र तिला पाठ होतं. वरच्या ठाण्यांवरून फोन यायचा, मग पाणी यायला दोन दिवस लागायचे. काठावर खुणेची काठी रोवायची, तासाला बोटभर चढलं की बोटभर चढलं. पाण्याने तिला कधी दगा दिला नव्हता.

तुलिओ एकोणसत्तर वर्षांचा, निवृत्त न्हावी. डब्यातले मासे दरवर्षी तोच मुरवायचा आणि वाटभर त्याचं तोंड बंद म्हणून नसायचं.

गुरुवारी पहाटे दोघं निघाले. बांधावरचा रस्ता नाकासमोर सरळ जातो. एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला नांगरलेली शेतं असतात असं म्हणायचं, कारण त्या दिवशी धुक्यात दोन्ही दिसत नव्हती. पॉपलरची झाडं एकेक करून पुढे यायची आणि मागे विरून जायची. तासन्‌तास माणूस म्हणून दिसलं नाही. पुढे तुलिओचा लाल दिवा दिसायचा, तेवढाच काय तो आधार.

"नेरिना, आहेस ना गं मागे?"

"आहे."

"नाही, बोलली नाहीस दोन तास. म्हटलं नदीत गेली की काय बाई."

"तू बोलायला जागा ठेवलीस का?"

"चाळीस वर्षं लोकांच्या मानेवर वस्तरा धरून बोललो. कोणी उलट बोलायचं नाही. सवय लागली, काय करू?"

शुक्रवारीही तेच धुकं होतं. शनिवारी सकाळी त्यांनी नदी सोडली, दक्षिणेला वळले, आणि टेकड्यांच्या पायथ्याशी धुकं एकदम संपलं. वर निळंशार आभाळ. उतारांवर द्राक्षांचे पिवळे मळे, त्यांच्या वर चेस्टनटची तपकिरी रानं, आणि गावं असून नसल्यासारखी, दारं-खिडक्या बंद केलेली. साडेबाराला ते चढणीच्या तोंडाशी असलेल्या फोस्काच्या बारमध्ये शिरले. फोस्काने न विचारता सूप आणि वाईन पुढे ठेवली.

"चेरेदोला निघालात? पूल गेला ना ऑक्टोबरात," ती म्हणाली. "इथून सहा किलोमीटर वर. आता खालच्या पुलावरून, पलीकडच्या खोऱ्यातून फिरून जावं लागतं. नदीच्या त्या काठाने वर यायला वाट नाही."

"किती?" नेरिनाने विचारलं.

"सायकलवर? उद्या दुपार होईल."

उद्या दुपारी तिथे कुलूप असणार. मावशीचा फोनही महिन्यापूर्वीच कापलेला. नेरिनाने चमचा खाली ठेवला. "पुलाखाली नदीला उतार आहे, चालत पलीकडे जाता येतं. त्या हिवाळ्यात आम्ही तिथे कपडे धुवायला जायचो. चल तुलिओ, उजेड आहे तोवर."

तुलिओ उठला नाही. ब्रेडचा तुकडा सुपात बुडवून त्याने तो नुसताच धरून ठेवला.

"मी इथपर्यंतच येणार होतो," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"डॉक्टरने चढण बंद केलीय. एप्रिलपासून. सपाटीवर फिर म्हणाला, वर गेलास तर परत खाली आणायला चार माणसं लागतील."

"आणि हे तू आज सांगतोस?"

"घरी सांगितलं असतं तर दोन दिवस त्या धुक्यात तू एकटी आली असतीस."

नेरिनाला राग आला, अगदी भरभरून आला. मायेने केलेल्या गोष्टीवर रागावता येत नाही म्हणून तर तो जास्तच आला. तिने त्याच्या सायकलवरचा माशांचा डबा सोडला आणि आपल्या मागच्या पिशवीत कोंबला. "सगळे असेच निघून जातात," ती म्हणाली आणि सायकलवर बसली. त्याच्याकडे तिने वळूनही पाहिलं नाही.

"पाणी बघूनच पाय टाक!" तो दारातून ओरडला. "काठी रोव, अर्धा तास थांब!"

सहा किलोमीटरच्या चढणीवर तिला एक कुत्रंसुद्धा भेटलं नाही. पुलाचे दोन खांब उभे होते, मधला भाग गेलेला. खाली लावांझा नदी पांढऱ्या गोट्यांमधून झुळझुळ वाहत होती. पाणी स्वच्छ, पोटरीभर. नेरिनाने आयुष्यभर केलं तेच केलं. एक काठी तोडली, काठाशी रोवली, पाण्याच्या रेषेवर खाच पाडली आणि घड्याळ लावून बसली. अर्ध्या तासात पाणी केसभरही चढलं नाही. डोक्यावर आभाळ स्वच्छ होतं. हिशेब चोख होता, फक्त तो पो नदीचा होता. लावांझा कोणाला दोन दिवस आधी कळवत नाही. वळणापलीकडे, दिसत नसलेल्या माथ्यावर, दुपारपासून पाऊस कोसळत होता.

सायकल हातात धरून ती पाण्यात उतरली. थंडीने पाय बधिर झाले. पात्राच्या मध्यावर गोट्यांचं एक बेट होतं, तिथवर ती सहज पोचली. श्वास घ्यायला थांबली. आणि तिच्या लक्षात आलं की पाणी गढूळ झालंय.

मग आवाज आला. आधी पायांना जाणवला, मग कानांना. दगड! दगडांवर दगड आपटत येत होते. वळणावरून तपकिरी पाण्याची भिंत घुसली, पुढे मुळांसकट एक झाड ढकलत!

मागे वळायला वेळ नव्हता. तिने सायकल उचलली आणि पलीकडच्या काठाकडे धाव घेतली. दहा पावलं. पाणी गुडघ्याला. कमरेला! सायकल आडवी झाली, पिशव्या पाण्याने फुगल्या, नदीने त्या ओढायला सुरुवात केली. डबा! शेहेचाळीस वर्षं न चुकलेला डबा! तिने दोन्ही हातांनी सायकलची दांडी धरली. पाय सुटले. पाणी नाकातोंडात गेलं. काठावरच्या वाळुंजाच्या फांद्या डोळ्यांसमोरून सरकू लागल्या, एक गेली, दुसरी गेली. फांदी धरायची तर हात मोकळा हवा!

तिने सायकल सोडली.

फांदी हाताला लागली, साल निघाली, हात घसरला. दुसरा हात! एका मुळाशी गुडघा अडला. ती चिखलातून वर सरपटली आणि वरच्या गवतात पालथी पडून खोकत राहिली. मान वळवली तेव्हा नदीवर सायकल नव्हती, बेटही नव्हतं. तिने हाक मारली. कोणाला, ते तिलाही ठाऊक नव्हतं. त्या खोऱ्यात ऐकायला कोणी नव्हतंच. एवढी एकटी ती धुक्यातही नव्हती.

थंडीने दात वाजत होते. बसलं तर संपलं, एवढं तिला कळत होतं. चार किलोमीटर ती चालली. कधी धावली, कधी झाडांना धरत गेली. चेरेदोतल्या चौदा धुराड्यांपैकी एकातूनच धूर येत होता.

झेलिंदाने दार उघडलं आणि तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कपडे काढ," ती म्हणाली. "तिथेच, उंबऱ्यावर. घर झाडलंय मी."

चुलीपुढे घोंगडीत गुंडाळून बसल्यावर नेरिना म्हणाली,

"मावशी, डबा गेला. सायकल गेली. मी काहीच आणलं नाही तुम्हाला."

"पहिल्यांदा आलीस तेव्हा काय आणलं होतंस? एका पायात बूट होता." झेलिंदाने तिच्या हातात गरम दुधाचा वाडगा दिला. "आणि त्या माशांचं म्हणशील, तर या गावात कोणाच्याच घशाखाली ते उतरायचे नाहीत. मांजरं मात्र टुमटुमीत झाली आमची."

"शेहेचाळीस वर्षं?"

"तुम्ही एवढ्या लांबून यायचात. सांगायचं कसं, बाई?"

नेरिनाला हसू आलं, मग रडू आलं, मग ते आवरेना. झेलिंदाने तिला रडू दिलं. बोचकी बांधून तयार होती, भिंती मोकळ्या होत्या, फक्त बिछाना तेवढा अजून घातलेला होता. त्या रात्री दोघी त्यात पाठीला पाठ लावून झोपल्या.

सकाळी दहाला जीप आली. भाचा चांगला माणूस होता, नेरिनालाही बस म्हणाला. ती नको म्हणाली. खाली तुलिओ होता, आणि ती बुडाली असंच त्याला वाटत असणार. झेलिंदा पुढच्या सीटवर हातात पर्स धरून ताठ बसली होती. तिने काच खाली केली.

"पुढच्या नोव्हेंबरात शहरात ये. तिसरा मजला आहे. सायकल वर आणू देत नाहीत म्हणे."

जीप गेली. नेरिना झेलिंदाच्या नवऱ्याचे जुने कपडे घालून, रिकाम्या गावातून एकटीच खाली निघाली.

लावांझा अजून ओसरली नव्हती. पलीकडच्या काठावर, पुलाच्या तुटक्या टोकाशी, तुलिओ उभा होता. डॉक्टरने बंद केलेली सहा किलोमीटरची चढण चढून तो वर आला होता. त्याने तिला पाहिलं आणि खाली दगडावर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. बऱ्याच वेळाने उठला, काहीतरी ओरडला. पाण्याच्या गर्जनेत काहीच कळेना. तीही ओरडली. त्यालाही कळलं नाही. शेवटी त्याने हाताने खालच्या अंगाला खूण केली. धड पूल फोस्काच्या बारच्याही खाली, नऊ किलोमीटरवर होता.

मग दोघं चालू लागले. ती या काठाने, काटेरी झुडपांतून वाट काढत. तो त्या काठाने, रस्त्यावरून, सायकल हातात धरून. ती अडखळून थांबली की तोही थांबायचा. त्याला धाप लागली की ती एखाद्या दगडावर टेकायची आणि तो उठेपर्यंत उठायची नाही. बारमधून निघताना आपण काय बोललो ते तिला आठवत होतं आणि लाज वाटत होती, पण इथून ते सांगता येत नव्हतं. दोन दिवस बडबडून कान किटवणारा तुलिओ आज एक शब्द न बोलता बरोबर चालत होता. आई गेल्यापासून इतकी सोबत तिला कोणी दिली नव्हती. दूरवर पूल दिसला, तेव्हा नेरिनाने आपली पावलं थोडी हळू केली.